बेटांची एसटी

पिरेअसच्या धक्क्यावर सकाळी साडेसहाला उभं राहिलं की नजर आधी प्रवाशांवर जात नाही, सामानावर जाते. बोटीच्या मागच्या बाजूचा दोनमजली घराएवढा लोखंडी दरवाजा धक्क्यावर आडवा पडलेला असतो आणि त्या उतारावरून ट्रक रिव्हर्समध्ये पोटात शिरत असतात. उतरताना वळायला जागा नसते, म्हणून चढतानाच पाठमोरं चढायचं. खलाशी शिट्ट्या वाजवून, हातवारे करून एकेका ट्रकला भिंतीपासून वीतभर अंतरावर नेऊन उभा करतात. एकात भाजीपाला, दुसऱ्यात सिमेंटच्या गोण्या, तिसऱ्यात गॅसच्या टाक्या. कुणाचा तरी नवा फ्रिज, कुणाचा सोफा. मग पाठीवर सॅक घेतलेले पर्यटक त्यांच्यामधून वाट काढत वर जातात.

ग्रीसच्या बेटांवर जायचं तर विमानाने जाता येतं, पण मोजक्याच बेटांवर. या देशात लहानमोठी सुमारे ६,००० बेटं आहेत असं सांगतात आणि त्यांतल्या २२७ बेटांवर माणसं राहतात. विमानतळ त्यांतल्या थोड्यांवरच आहेत. बाकीच्यांचा रस्ता म्हणजे ही फेरीबोट. शाळेतला शिक्षक, दवाखान्याची औषधं, टपाल, बाळंतपणाला निघालेली बाई, शहरात शिकणारा मुलगा, सगळं याच दारातून येतं आणि जातं. आपल्याकडे खेड्यात एसटीचं जे स्थान आहे, तेच तिथे या बोटीचं. पर्यटकांच्या माहितीपत्रकात ती निळ्या पाण्यावरची सहल म्हणून येते. पण तिच्यात बसून ज्यांचा संसार चालतो त्यांच्या नजरेने तिच्याकडे पाहिलं, तर प्रवासाचा अर्थच बदलतो.

अथेन्सहून पिरेअस गाठणं सोपं. शहरातून हिरव्या लाइनची मेट्रो पकडायची आणि शेवटच्या स्टेशनवर उतरायचं. याच मार्गावर १८६९ मध्ये पहिली आगगाडी धावली होती. स्टेशनच्या बाहेर आलं की रस्त्यापलीकडे बंदर. ते पसरलेलं फार आहे, म्हणून त्याला ई-१, ई-२ असे क्रमांक दिलेले दरवाजे आहेत. सिक्लाडीस बेटांच्या बऱ्याचशा बोटी स्टेशनजवळून सुटतात, तर रोड्सकडे जाणाऱ्या बोटी पार टोकाच्या ई-१ वरून. बंदराच्या आत फुकट बस असते, पण हातात अर्धा तास नसेल तर तिच्या भरवशावर राहू नये. तिकिटावरचा दरवाजा आधी बघावा. नवखा माणूस इथेच चुकतो आणि बॅग ओढत धावत सुटतो.

बोटी दोन जातींच्या. एक वेगवान कॅटामरान. तिच्यात विमानासारख्या खुर्च्या, बंद काचा आणि बहुधा उघडा डेक नाहीच. दुसरी मोठी पारंपरिक फेरी. उदाहरणार्थ ‘ब्लू स्टार डेलोस’. दक्षिण कोरियात बांधलेली ही बोट २०११ पासून धावते आहे आणि एका वेळी सुमारे २,४०० माणसं नेते. तिने पिरेअसहून सँटोरिनीला जायला साडेसात-आठ तास लागतात. वेगवान बोट तेच अंतर पाच तासांच्या आसपास कापते आणि दुप्पट पैसे घेते. मला विचाराल तर मोठीच घ्या. सगळ्यात स्वस्त तिकीट डेकचं असतं आणि सगळ्यात चांगली जागाही तीच. वाऱ्याच्या आडोशाची बाजू शोधायची, मागच्या डेकवर बाक धरायचा, पालक-चीजचं पॅटिस घ्यायचं (तिथे त्याला स्पानाकोपिता म्हणतात), बर्फ घातलेली कॉफी घ्यायची आणि एकेक बेट येताना पाहायचं.

आणि बोट धक्क्याला लागताना मात्र वर बसून राहू नये. खाली यावं.

समजा बोट पिरेअसहून निघून सिरोस, पारोस, नाक्सोस करत छोट्या सिक्लाडीसमध्ये शिरली आहे. इराक्लिया, स्खिनूसा, कुफोनिसी ही तिथली बेटं. काही शे वस्तीची. त्यातल्या एकावर उतरायचं आहे. घोषणा होते, जिन्याने खाली गॅरेजमध्ये यायचं. तिथे अंधुक उजेड, डिझेलचा वास, पायाखाली ओलसर लोखंड, ट्रकची चाकं साखळ्यांनी जखडलेली. पन्नासेक माणसं बॅगा धरून बंद दरवाजाकडे तोंड करून उभी. मग हायड्रॉलिकचा गुरगुराट सुरू होतो आणि दरवाजाच्या वरच्या कडेला उन्हाची एक पांढरी रेघ उमटते. रेघेची पट्टी होते, पट्टीचं आभाळ होतं, आणि दरवाजा आडवा होत गेला की समोर दिसतं ते फेसाळलेलं हिरवं पाणी आणि त्यापलीकडे उलट्या दिशेने सरकत जवळ येणारं गाव. आपण पाठमोरे गावात शिरत असतो.

हे पाठमोरं शिरणं हीच भूमध्य समुद्रातली धक्क्याला लागण्याची रीत. बंदराच्या पाण्यात आल्यावर कप्तान एवढं धूड जागच्या जागी फिरवतो. दूरवर नाळेकडचे नांगर सोडतो आणि साखळी सैल करत करत बोट मागे आणतो. नांगर पुढून धरून ठेवतो, दोरखंड मागून. त्यामुळे लहान धक्क्यावरही मोठी बोट लागू शकते, कारण तिला लांबीची नव्हे, फक्त रुंदीची जागा लागते. कप्तान वर ब्रिजच्या कडेच्या सज्जात उभा असतो. त्याला खालची मागची कड नीट दिसत नाही, म्हणून एक अधिकारी दरवाजाच्या टोकाशी वॉकीटॉकी घेऊन अंतर सांगत राहतो. तीस मीटर, वीस, दहा. एक खलाशी टोकाला गाठ मारलेली बारीक दोरी धक्क्यावर भिरकावतो. तिथला माणूस ती ओढतो, तिच्यामागून मांडीएवढा जाड दोर येतो आणि लोखंडी खुंटाला पडतो. दरवाजा दगडावर आपटतो. पाण्याखाली बोटीचे पंखे फिरतच असतात.

पुढची पाच मिनिटं बघण्यासारखी. चालत जाणारे, मोटारसायकली, एक पिकअप, ट्रक, सगळे एकाच उतारावरून बाहेर पडतात आणि चढणारे आत घुसतात. खोल्या भाड्याने देणारे पाट्या धरून उभे. कुणी ड्रायव्हरच्या हातात पुडकं देऊन त्याच्या कानात काही सांगतं. एखादी म्हातारी नातवाचे गाल दोन्ही हातांत धरते. मग शिट्टी. दरवाजा अजून वर उचलला जात असतानाच बोट पुढे सरकलेली असते, नांगराची साखळी खडखडत आत येते, आणि धक्क्यावर गाव पुन्हा गाव होतं. आपल्या एसटी स्टँडवर रात्रीची मुंबई गाडी येऊन गेल्यावर जशी शांतता पसरते, तशी.

हे सगळं वाऱ्याच्या मर्जीवर. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून एक वारा वाहतो. त्याचं नाव मेल्तेमी. प्राचीन ग्रीक त्याला एतेसियन म्हणत, म्हणजे दरवर्षी नेमाने येणारा. इ.स.पू. चौथ्या शतकात डेमॉस्थेनिसने अथेन्सच्या सभेत बजावलं होतं की मॅसिडोनचा राजा फिलिप याच वाऱ्यांचा काळ साधून चाल करतो, कारण तेव्हा अथेन्सचं आरमार उत्तरेकडे जाऊच शकत नाही. आपल्या माणसाला हा वारा चकवतो. आपल्याला वादळ म्हटलं की काळं आभाळ, विजा, पाऊस दिसतो. मेल्तेमी सुटतो तेव्हा आभाळ निरभ्र निळं असतं, ऊन लख्ख असतं आणि समुद्र मात्र लाटांच्या पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेला. त्या तुऱ्यांना ग्रीक माणसं ‘कोकरं’ म्हणतात. कोकरांचे कळप दिसायला लागले की बेटावरचा माणूस बोटीची चौकशी करतो.

हा वारा येतो कुठून? बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त आणि पूर्वेला अनातोलियावर, म्हणजे तुर्कस्तानच्या भूमीवर, कमी. दाबातल्या या फरकामुळे हवा एजियनच्या चिंचोळ्या वाटांतून उत्तरेकडून दक्षिणेकडे लोटली जाते. पण अनातोलियावरचा तो कमी दाब एकटा नसतो. उन्हाळ्यात भारतीय उपखंड तापून त्याच्यावर कमी दाबाचा जो विशाल पट्टा तयार होतो, त्याचीच शेपटी इराण-इराकवरून तिथपर्यंत पोचलेली असते. म्हणजे कोकणात नैर्ऋत्य मोसमी पाऊस ओढून आणणारं आणि मिकोनोसला बोट अडवणारं यंत्र एकच आहे. १९९६ मध्ये मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या हवामानशास्त्रज्ञांनी दाखवलं की मोसमी पावसात आशियावर जी प्रचंड उष्णता मोकळी होते, तिच्यामुळे पूर्व भूमध्यावरची हवा खाली बसते. हवा खाली बसली की ढग बनत नाहीत. आपल्याकडे आषाढ-श्रावणात झड लागलेली असते तेव्हा तिकडे आभाळ कोरडं का, याचं एक कारण आपल्याच पावसात आहे.

आणि हे नातं एका ग्रीक व्यापाऱ्याला पहिल्या शतकातच जाणवलं होतं. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे त्या काळच्या दर्यावर्दी व्यापाराचं टिपण. त्याच्या लेखकाने नोंदवलं आहे की आमच्याकडे एतेसियन वाहतात त्याच सुमाराला भारताच्या समुद्रावर नैर्ऋत्येचा वारा वाहतो. याच टिपणात सोपारा आणि कल्याण ही बंदरंही येतात, आणि ज्याला अभ्यासक चौल मानतात ते सेमिल्लाही.

वारा किती सुटला हे बोफर्टच्या मोजपट्टीवर सांगतात. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्टने १८०५ च्या सुमाराला ती बसवली. पट्टीवरचा आठवा आकडा म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटरचा वारा. साधारण या आकड्याला पोचलं की बंदर अधिकारी मोठ्या फेऱ्या रोखतात. वेगवान बोटी त्याआधीच थांबतात. लहान होड्या त्याहून आधी. या बंदीला ग्रीक शब्द आहे अपागोरेफ्तिको, आणि बेटांवर तो हवापाण्याच्या गप्पांइतका सहज ऐकू येतो. युबिया आणि आंद्रोस यांच्यामधली काव्हो दोरोची सामुद्रधुनी तर वाऱ्यासाठी बदनामच आहे. तिथून वारा चिमटीतून सोडल्यासारखा आंद्रोस, तिनोस, मिकोनोसवर येतो. अशा दिवशी बोट सुटलीच तर ज्यांना बोट लागते त्यांनी खालच्या मजल्यावर मधोमध बसावं. तिथे हेलकावा सर्वांत कमी.

प्रवाशाला ही बंदी जाच वाटते. मला वाटत नाही, कारण ती कशाच्या बदल्यात आली हे वाचलं आहे. ८ डिसेंबर १९६६ च्या पहाटे क्रीटहून पिरेअसला येणारी ‘हेराक्लिऑन’ ही बोट फाल्कोनेरा बेटाजवळ बुडाली. मूळची ती ब्रिटिश प्रवासी बोट, १९४९ ची. नंतर पोटात गॅरेज करून तिची फेरी केली होती. खवळलेल्या समुद्रात संत्र्यांनी भरलेला एक शीतगृह-ट्रक सुटा झाला, हेलकाव्यांबरोबर बाजूच्या दरवाजावर आदळत राहिला, आणि दरवाजा फुटला. दोनशेहून जास्त माणसं गेली. पन्नासही वाचली नाहीत.

अशा बोटीला पाणी इतकं का बाधतं, ते परातीने समजतं. परातीत दोन तांबे पाणी ओतून ती उचलून चाला. जरा कलली की सगळं पाणी एका कडेला धावतं, त्याच्या वजनाने परात आणखी कलते, आणि मग ती सावरत नाही. तेच पाणी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांमध्ये वाटून ठेवलं तर डबा तिरका झाला तरी फारसं हलत नाही. साध्या जहाजाच्या पोटात आडव्या भिंती असतात, वाट्यांसारख्या. फेरीच्या गॅरेजमध्ये त्या घालता येत नाहीत, कारण ट्रक या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवेत. गॅरेज म्हणजे परातच. म्हणून दरवाजा घट्ट बंद असणं आणि ट्रक साखळीने जखडलेला असणं, यावर सगळ्यांचा जीव असतो. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्सप्रेस सामिना’ पारोसजवळच्या पोर्तेसच्या खडकांवर आदळली, तेव्हा तिचे जलरोधक दरवाजे उघडे राहिले होते, म्हणून पाणी भराभर पसरलं. सुमारे ८० जण दगावले. वारा जोराचा होता, तरी पारोसचे कोळी आपल्या होड्या घेऊन अंधारात बाहेर पडले आणि त्यांनी शेकडोंना बाहेर काढलं.

‘हेराक्लिऑन’नंतर क्रीटच्या लोकांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. आपला रस्ता दुसऱ्याच्या हातात ठेवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. १९६७ मध्ये खानियात ‘आनेक’ नावाची कंपनी निघाली. शेतकरी, दुकानदार, नोकरदार अशा सामान्य माणसांनी तिचे भाग घेतले, बिशप इरिनेओस त्यात पुढे होते, आणि १९७० मध्ये तिची पहिली बोट ‘किडॉन’ धावू लागली. पुढे अनेक दशकं ती बोटी चालवत राहिली आणि २०२३ मध्ये एका मोठ्या समूहात विलीन झाली.

कोकणातल्या वाचकाला इथे काहीतरी ओळखीचं वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत आपल्याकडेही इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी होती आणि किनाऱ्यावरच्या माणसांनी तिला नाव दिलं होतं ‘माझी आगबोट कंपनी’. ‘रामदास’ तिचीच. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ज्या वाऱ्याने हे घडवलं, त्याचंच दुसरं टोक एजियनवर असतं, हे मला विसरता येत नाही.

आता त्या बेटांचं, जिथे बोट नेणं कुठल्याच कंपनीला परवडत नाही. हिवाळ्यात चार प्रवासी आणि दोन ट्रक घेऊन कोण जाणार? अशा मार्गांना ग्रीकमध्ये ‘आगोनी ग्रामी’ म्हणतात. शब्दशः नापीक मार्ग. सरकार अनुदान देतं आणि बोट जाते. एसटीच्या तोट्यातल्या मुक्कामी गाडीसारखीच ती. तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटरवर कास्तेलोरिझो हे बेट आहे, तिथून पिरेअसला यायला बोटीने जवळपास अख्खा दिवस जातो. नाक्सोसला छोट्या सिक्लाडीस आणि अमोर्गोसशी जोडणारी ‘स्कोपेलितिस’ ही चिमुकली बोट वर्षभर फिरते आणि बेटांवर तिच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. २०१८ पासून सरकारने आणखी एक योजना आणली. रस्त्याने तेवढंच अंतर जायला जो खर्च आला असता त्याहून बोटीला जास्त लागला, तर फरक सरकार बेटवासीयाला देतं. यामागे एक साधी समजूत आहे. समुद्र हाही रस्ताच, आणि रस्त्याचा भार एकट्या बेटाने उचलायचा नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सँटोरिनी आणि अमोर्गोसच्या मधल्या समुद्रात भूकंपांचे धक्के लागोपाठ बसू लागले, तेव्हा ११,००० हून अधिक माणसं थोड्या दिवसांत सँटोरिनी सोडून गेली. त्यांतली हजारो याच बोटींतून, आथिनिओसच्या कड्याखालच्या लहानशा धक्क्यावरून. जादा फेऱ्या सोडल्या होत्या.

जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. ग्रीस शेंगेन गटात असल्याने व्हिसा शेंगेनचाच. तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. १५ ऑगस्टच्या आसपास बेत आखू नये. त्या दिवशी मरियामातेचा सण असतो, तिनोसच्या देवळाकडे बंदरापासून गुडघ्यांवर रांगत जाणारे भाविक असतात, अख्खा देश बेटांवरच्या आपापल्या गावी निघालेला असतो आणि बोटींची गर्दी गणपतीच्या आधीच्या कोकण रेल्वेसारखी असते. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी अथेन्समध्ये पोचाल असंच तिकीट काढा. मेल्तेमी तीन-तीन दिवस हटत नाही.

आणि इथेच राहायचं असेल, पण समुद्रावरचा तो उतार आधी पायाखाली घालून बघायचा असेल, तर भाऊच्या धक्क्यावर जा. मार्च २०२० पासून मांडव्याला जाणारी रो-रो बोट ‘एम२एम-१’ ग्रीसमध्ये बांधलेली आहे, २०१९ ची. रस्त्याने शंभरावर किलोमीटर पडणारा प्रवास ती तासाभरात उरकते. गाड्या तिच्या पोटात, माणसं वरच्या डेकवर.

बंदीच्या दिवशी बेटावर अडकलात तर मात्र चिडू नका, बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसा. ट्रकवाले तिथेच असतात, पत्ते कुटत. त्यांच्या टोमॅटोचा ट्रक उन्हात उभा असतो, तरी कुणी आवाज चढवत नाही. दर तासाने कुणीतरी बंदर कार्यालयाला फोन लावतं आणि मान हलवतं. मग दुपारी उशिरा, समुद्र बघून तुम्हाला काहीच फरक कळत नसताना, दोघातिघांचे फोन एकदम वाजतात. पत्ते टेबलावर पालथे पडतात, खुर्च्या मागे सरकतात, इंजिनं सुरू होतात. दुकानदारीण न मागता कागदी पेल्यांत उरलेली कॉफी ओतून देते, कारण बोट टेकाडाआडून दिसायला लागल्यावर पेले परत करायला कुणाला वेळ नसतो.